टर्मिनलवरचा सीमस: बसवायचा कसा आणि मागमूस न ठेवता काढायचा कसा

सीमस हा सी भाषेत लिहिलेला, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळणारा म्युझिक प्लेअर. तो टर्मिनलमध्येच उघडतो आणि कीबोर्डवर चालतो, माऊस लागत नाही. जुन्या, दमलेल्या मशीनवरही हजारो गाण्यांची यादी त्याला जड जात नाही. लिनक्सवर तो बसवायला एक ओळ पुरते. नव्या माणसाची पंचाईत होते ती पुढे: आवाज येत नाही, एक गाणं संपलं की सगळं गप्प होतं, प्लेअर काढून पुन्हा बसवला तरी बिघडलेली सेटिंग तशीच परत येते. यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ एकच आहे, कुठली गोष्ट मशीनवर कुठे जाऊन बसते हे माहीत नसणं.

तशा जागा तीनच. पहिली, प्रोग्रॅमच्या फाइली. त्या /यूएसआर या फोल्डरखाली जातात आणि त्यांचा मालक पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्रॅम बसवणारं आणि काढणारं ॲप्टसारखं साधन, असतो. दुसरी, तुमच्या होम फोल्डरमधलं ~/.कॉन्फिग/सीमस. तिथे तुमची सेटिंग, लायब्ररीची यादी आणि प्लेलिस्ट राहतात. तिसरी म्हणजे खुद्द गाण्यांचं फोल्डर. प्रोग्रॅम बसवताना आणि काढताना पॅकेज मॅनेजर फक्त पहिल्या जागेला हात लावतो. हे डोक्यात पक्कं ठेवलंत तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

कमांड कशा वाचायच्या

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. ज्यांच्या स्पेलिंगमध्ये गोंधळ होईल ती अक्षरांसकट सांगतो: सुडो म्हणजे एस यू डी ओ, ॲप्ट म्हणजे ए पी टी आणि सीमस म्हणजे सी एम यू एस. बाकीचे इन्स्टॉल, अपडेट, रिमूव्ह, पर्ज हे शब्द नेहमीचेच. दोन शब्दांमधली मोकळी जागा आणि आधीची आडवी रेघ जशीच्या तशी ठेवा.

या पायऱ्या डेबियन, उबंटू आणि मिंट या घराण्यासाठी आहेत. आर्च वापरणाऱ्यांनी ॲप्टच्या जागी पॅकमन धरावा. बसवायला उणे कॅपिटल एस, काढायला उणे आर एन एस, त्यातला आर कॅपिटल. सीमसच्या आतलं सगळं दोन्हीकडे सारखंच.

बसवणं

आधी पॅकेजची यादी ताजी करा, मग बसवा:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीमस

पासवर्ड टाइप करताना बऱ्याच ठिकाणी पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड अडकलेला नसतो, टाइप करून एंटर दाबा. त्यानंतर ॲप्ट किती एमबी उतरवणार आणि सोबत कुठली पॅकेजं येणार ते दाखवून परवानगी मागतो. ती यादी एकदा वाचाच. पुढे काढताना हीच नावं पुन्हा समोर येणार आहेत.

एमपीथ्री, फ्लॅक, ऑग आणि ओपस या फाइली मूळ पॅकेजवर वाजतात. डब्ल्यूएमए किंवा एमफोरए वाजत नसतील तर एफएफएमपेगचा प्लगइन, म्हणजे जोडभाग, वेगळा घ्यावा लागतो. त्या पॅकेजचं नाव सीमस-प्लगइन-एफएफएमपेग, मधल्या दोन्ही रेघांसकट:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीमस-प्लगइन-एफएफएमपेग

बसवलेलं नीट बसलं का हे पाहायला दोन कमांड पुरतात. सीमस --व्हर्जन आवृत्ती सांगते. सीमस --प्लगइन्स कुठले इनपुट आणि आउटपुट प्लगइन हाताशी आहेत ते छापते. दुसरीचं उत्तर लक्षात ठेवा. त्या यादीत पल्स किंवा अल्सा (लिनक्सवर आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या यंत्रणा) दिसतंय का, हे आवाजाच्या तक्रारीत सर्वांत आधी बघायचं असतं.

इथेच अडलात तर

“अनेबल टू लोकेट पॅकेज” असं आलं तर एकतर अपडेट चालवायचं राहिलंय, नाहीतर स्पेलिंग चुकलंय. उबंटूवर तिसरंही कारण असतं. सीमस तिथे युनिव्हर्स नावाच्या विभागात आहे आणि काही मशीनवर तो विभाग बंद ठेवलेला असतो. सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स ही कमांड द्या, पुन्हा अपडेट चालवा आणि मग बसवा.

“कुड नॉट गेट लॉक” म्हणजे दुसरं कुणीतरी पॅकेजचं काम करतंय. बहुतेक वेळा ते मशीन सुरू झाल्यावर आपोआप चालणारं अपडेट असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल हाताने उडवायचा सल्ला जागोजागी मिळतो, तो मानू नका. अर्धवट लिहिलेला पॅकेजचा हिशेब निस्तरणं दहा मिनिटं थांबण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. आधीचं काम मध्येच वीज जाऊन तुटलं असेल तर संदेशच उपाय सांगतो: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए.

“नॉट इन द सुडोअर्स फाइल” असं आलं तर तुमच्या खात्याला बसवण्याचा अधिकारच नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून बसवून घ्या. एकदा बसला की वापरायला कुठल्याही खास अधिकाराची गरज नाही.

पहिल्यांदा उघडताना

नुसतं सीमस टाइप करा. पुढे सुडो लावू नका. सुडोने उघडलात तर तो रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, घरातली सेटिंग वाचतो, लायब्ररी वेगळी बनते आणि आवाज बहुधा येतच नाही, कारण आवाजाचा सर्व्हर तुमच्या खात्याखाली चालत असतो. काही सिस्टिमवर याहून वाईट होतं. तुमच्याच होममधल्या सेटिंगच्या फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढच्या वेळी “परमिशन डिनाइड” येऊ लागतं. तसं झालं असेल तर मालकी परत घ्या:

सुडो चओन -आर $यूझर: ~/.कॉन्फिग/सीमस

चओन म्हणजे सी एच ओ डब्ल्यू एन. इथला आर कॅपिटल आणि डॉलरच्या पुढचा यूझर हा शब्दही पूर्ण कॅपिटल.

उघडल्यावर पडदा जवळजवळ रिकामा दिसेल. ते बरोबर आहे, गाणी अजून सांगितलेलीच नाहीत. कोलन दाबा, खाली कमांड लिहायची जागा उघडेल. तिथे लिहा:

:ॲड ~/म्युझिक

म्युझिकच्या जागी तुमच्या फोल्डरचं नाव, लहान-मोठी अक्षरं तंतोतंत. आतली उपफोल्डरंही आपोआप वाचली जातात आणि हे काम मागे चालू राहतं, त्यामुळे लगेच गाणं लावायला हरकत नाही. लायब्ररीत फाइल कॉपी होत नाही, फक्त तिचा पत्ता नोंदला जातो. फोल्डरचं नाव बदललंत तर नोंदी पोकळ होतात त्या यामुळेच.

नवीन गाणी फोल्डरमध्ये टाकली की ती आपोआप लायब्ररीत येत नाहीत. :ॲड पुन्हा चालवा, आधीची गाणी दुबार होत नाहीत. यू ही की वेगळं काम करते: बदललेल्या फाइलींची माहिती ताजी करते आणि नाहीशा झालेल्या फाइली यादीतून काढते. गाणी बाहेरच्या डिस्कवर असतील तर डिस्क जोडल्याशिवाय यू दाबू नका. डिस्क सापडली नाही म्हणजे गाणी उडाली असा अर्थ लावून सीमस ती नावं लायब्ररीतून खोडून टाकतो.

सात पडदे आणि खालची एक रांग

१ ते ७ या आकड्यांनी पडदे बदलतात. १ वर कलाकार आणि अल्बम, २ वर सगळ्या गाण्यांची सपाट यादी, ३ प्लेलिस्ट, ४ रांगेत लावलेली गाणी, ५ फाइल ब्राउझर, ६ फिल्टर आणि ७ वर सेटिंग. १ मध्ये स्पेसने कलाकाराखालचे अल्बम उलगडतात, टॅबने उजव्या बाजूच्या गाण्यांवर जाता येतं आणि एंटरने गाणं लागतं.

वाजवायच्या किया कीबोर्डच्या सर्वांत खालच्या रांगेत ओळीने मांडल्या आहेत: झेड मागचं गाणं, एक्स सुरू, सी थांबवा आणि पुन्हा सुरू, व्ही बंद, बी पुढचं. डावा हात तिथे टेकवला की पाठांतराची गरज उरत नाही. एच आणि एल ने पाच-पाच सेकंद मागेपुढे, स्वल्पविराम आणि पूर्णविरामाने एकेक मिनिट. अधिक आणि उणे चिन्हांनी आवाज. तिरक्या रेघेने शोध, आणि आय दाबलं की जे वाजतंय त्या गाण्यावर उडी.

गाणं निवडून ई दाबलं की ते रांगेत लागतं, वाय दाबलं की प्लेलिस्टमध्ये जातं. प्लेलिस्ट एकाहून जास्त असतील तर पडदा ३ वर स्पेसने एकीवर खूण करता येते, वाय मग त्याच यादीत भर घालतो.

तळाची ओळ नीट वाचायला शिका. वाजत असताना ती साधारण अशी असते:

> ००:४२ / ०५:१० - ११:०२:१३ व्हॉल: ८०     ऑल फ्रॉम लायब्ररी | सी

डावीकडचं चिन्ह वाजतंय हे सांगतं, थांबवलं की तिथे उभी रेघ येते आणि बंद केलं की टिंब. मग गाण्यातला वेळ, एकूण यादीची लांबी, आवाज. उजव्या टोकाला कॅपिटल अक्षरं असतात: सी म्हणजे एकामागून एक वाजवत राहा, आर म्हणजे यादी संपली की पुन्हा सुरुवातीपासून, एस म्हणजे उलटसुलट क्रम. “एक गाणं झालं की प्लेअर थांबतो” या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. लहान सी दाबताना शिफ्ट दाबलं गेलं की कॅपिटल सी होतो आणि सलग वाजणं बंद पडतं. पुन्हा एकदा कॅपिटल सी दाबा, उजवीकडे अक्षर परत आलं की झालं. “एकाच कलाकाराची गाणी फिरतायत” असं वाटलं तर “ऑल”च्या जागी काय लिहिलंय ते बघा. लहान एम ने तिथे सगळी, एक कलाकार, एक अल्बम असं चक्र फिरतं.

कॅपिटल डी बद्दल मात्र सावध राहा. पडदा १ ते ४ वर ती की गाणं फक्त यादीतून काढते, तेही न विचारता. पडदा ५ वर तीच की डिस्कवरची खरी फाइल उडवते. तिथे सीमस आधी विचारतो, पण सवयीने वाय दाबणारे हात त्या प्रश्नाला जुमानत नाहीत.

आणखी एक, मराठीत टाइप करणाऱ्यांना हमखास नडणारं: कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर एकही की काम करणार नाही आणि कुठे काही चूकही दिसणार नाही. प्लेअर अडकलाय असं वाटण्याआधी लेआउट इंग्रजीवर आणा.

देवनागरी नावं प्रश्नचिन्हांसारखी दिसत असतील तर टर्मिनलमध्ये लोकेल ही कमांड चालवा. उत्तरात यूटीएफ-८ दिसलं पाहिजे. ते आहे आणि तरी जोडाक्षरं फुटतात, मात्रा सरकतात, तर दोष सीमसचा नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतो आणि देवनागरी त्या घरात मावत नाही. दुसरा टर्मिनल वापरून पाहा, काहींमध्ये परिस्थिती बरी आहे.

आवाजच येत नाही

गाण्याचा वेळ पुढे सरकतोय का ते आधी बघा. सरकत असेल तर सीमस आपलं काम करतोय, आवाज पुढे कुठेतरी अडलाय. अल्सामिक्सर उघडा आणि मास्टरच्या दांड्याखाली एमएम लिहिलंय का पाहा. तसं असेल तर तो म्यूट आहे, एम दाबून उघडा. दूरच्या मशीनवर एसएसएचने शिरून सीमस चालवला असेल तर आवाज त्या मशीनच्या स्पीकरमधून येतोय, तुमच्या नाही.

वेळच सरकत नसेल किंवा “ओपनिंग ऑडिओ डिव्हाइस” अशी चूक येत असेल तर आउटपुट चुकीचं निवडलंय. कोलन दाबून:

:सेट आउटपुट_प्लगइन=पल्स

पाइपवायर हा नवा आवाजाचा सर्व्हर वापरणाऱ्या सिस्टिमवरही पल्सच द्या. उबंटूत २२.१० पासून तेच आहे. पाइपवायर पल्सची भाषा समजतो. आवाजाचा सर्व्हरच नसलेल्या उघड्या सिस्टिमवर पल्सच्या जागी अल्सा लिहा. अल्सावर अधिक-उण्याने आवाज हलत नसेल तर :सेट सॉफ्टव्हॉल=ट्रू द्या, म्हणजे आवाज सीमस स्वतःच कमीजास्त करतो. “डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी” म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने साउंडकार्ड थेट धरून ठेवलंय. तो बंद करा.

टर्मिनल बंद केला की गाणं थांबतं

हे असंच असायचं आहे. सीमस त्या टर्मिनलचाच भाग असतो. गाणं मागे चालू ठेवायचं तर तो टीमक्सच्या (टी एम यू एक्स, टर्मिनल बंद झाला तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) आत उघडा: आधी टीमक्स, मग सीमस. कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा, मग डी दाबा, टर्मिनल मोकळा होतो. परत यायला टीमक्स अटॅच.

मागे चालणाऱ्या सीमसला सीमस-रिमोट या कमांडने हाकता येतं. उणे यू थांबवा-सुरू, उणे एन पुढचं, उणे आर मागचं, उणे कॅपिटल क्यू दिली की काय वाजतंय ते छापतं. डेस्कटॉपच्या शॉर्टकटला यातली कमांड जोडली की खिडकी न उघडता गाणं बदलतं. बऱ्याच ठिकाणी कीबोर्डवरच्या मीडिया किया आधीपासूनच चालतात. त्या दाबून बघा, मगच शॉर्टकटच्या मागे लागा.

दुसऱ्यांदा उघडताना “ऑलरेडी लिसनिंग ऑन सॉकेट” आलं तर आधीचा कुठेतरी जिवंत आहे. पीग्रेप सीमस (पी जी आर ई पी) त्याचा क्रमांक सांगेल. टीमक्समध्ये विसरलेला असतो, बहुतेक वेळा.

काढून टाकणं

आधी सीमस नीट बंद करा: कोलन, क्यू, एंटर. सेटिंग आणि लायब्ररी बंद होताना लिहिली जाते. चालू असतानाच सेटिंगचं फोल्डर उडवलंत तर घोळ होतो.

प्लेलिस्ट पुढे हव्या असतील तर आताच बाजूला काढा. ~/.कॉन्फिग/सीमस मधलं प्लेलिस्ट्स हे फोल्डर आणि लिब.पीएल ही फाइल कॉपी केली की पुरे. या साध्या मजकूर फाइली आहेत, एका ओळीत एका गाण्याचा पत्ता.

मग रंगीत तालीम:

ॲप्ट रिमूव्ह -एस सीमस

इथला एस लहान. यात काहीच काढलं जात नाही, काय काय जाईल ते फक्त छापलं जातं. एफएफएमपेगचा प्लगइन सीमसवर अवलंबून असल्यामुळे तोही त्या यादीत दिसेल. अनोळखी, मोठी नावं दिसली तर थांबा. सगळं ठीक असेल तर:

सुडो ॲप्ट पर्ज सीमस
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह

रिमूव्ह आणि पर्ज यांतला फरक असा की पर्ज /ईटीसी मधली सिस्टिमची सेटिंगही काढतो. सीमसच्या बाबतीत हा फरक जवळजवळ नगण्य आहे. दोघंही तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाहीत. “पर्ज करून पुन्हा बसवला तरी जुनीच सेटिंग” हे कोडं इथे सुटतं. ऑटोरिमूव्ह सोबत आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं काढतो. त्यात कधीकधी पूर्वीच्या दुसऱ्याच प्रोग्रॅमची उरलेली नावंही असतात, म्हणून यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

आता दुसरी जागा:

आरएम -आर ~/.कॉन्फिग/सीमस

एंटरवर बोट नेण्याआधी ही ओळ पुन्हा एकदा वाचा. लाटेसारखं चिन्ह आणि तिरकी रेघ यांच्यामध्ये चुकून मोकळी जागा पडली तर ते लाटचिन्ह एकटं उरतं, त्याचा अर्थ तुमचं सगळं होम असा होतो आणि ही कमांड कसलंही न विचारता ते उडवायला लागते. नाव अर्धं टाइप करून टॅबने पुरं करून घेतलं तर ही चूक होतच नाही. फार जुनी आवृत्ती वापरली असेल तर सेटिंग ~/.सीमस मध्येही असू शकते, तेही बघा.

काढल्यावर त्याच टर्मिनलमध्ये सीमस टाइप केलं आणि बॅशने (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) /यूएसआर/बिन मधली फाइल सापडत नाही असं म्हटलं तर घाबरू नका, बॅशला जुना पत्ता पाठ आहे. हॅश -आर द्या किंवा नवा टर्मिनल उघडा.

आणि सगळं करूनही सीमस सुरू होतच असेल? मग तो कधीतरी सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधून बसवलेला आहे. विच सीमस विचारा. उत्तरात /यूएसआर/लोकल/बिन आलं तर ॲप्टला त्याची खबरच नाही. ज्या सोर्स फोल्डरमधून तो बसवला त्यात जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल चालवा. ते फोल्डर कधीच फेकून दिलं असेल तर तीच आवृत्ती पुन्हा उतरवा, तीच सेटिंग देऊन पुन्हा बसवा आणि लगेच अनइन्स्टॉल करा. द्राविडी प्राणायाम आहे खरा, पण एकेक फाइल शोधून हाताने पुसण्यापेक्षा बरा.